पेटीवरच्या ओंबीची पार्श्वभूमी

परदेशातून आलेल्या लाकडी पेटीच्या किंवा पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी बैठकीच्या) फळीवर एक शिक्का दिसतो. चौकटीत ओंबीचं चिन्ह, शेजारी देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि 'एचटी' किंवा 'एमबी' अशी खूण. हा शिक्का पेटीतल्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त लाकडाबद्दल बोलतो, आणि तो का लागला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पिंपं, खोकी, पेट्या यांतून माल शतकानुशतके समुद्र ओलांडत आला. बंदरावर माल तपासला जाई. पेटी मात्र कोणाच्या लेखी मालच नव्हती. त्यात पेटीसाठी वापरतात ते लाकूड सहसा हलक्या प्रतीचं. फर्निचरला न चालणारं, गाठी असलेलं, कडेला साल राहिलेलं. किडीला आवडतं तेही असंच लाकूड.

1956 मध्ये अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅकलीनचं 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं आणि मालवाहतुकीचं गणित बदललं. कंटेनरमुळे पेटी बंदरावर न उघडता थेट दूरच्या गोदामात पोहोचू लागली. खोडात वर्ष-दोन वर्षं काढणाऱ्या अळीला काही आठवड्यांचा प्रवास जड नव्हताच. आता उतरण्याची जागाही झाडांच्या जवळ आली.

परिणाम दिसले ते 1996 मध्ये. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपलच्या खोडांना पेन्सिल शिरेल एवढी गोल भोकं आढळली. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लांब मिशा असलेला आशियाई भुंगा तिथे स्थायिक झाला होता. चीनमध्ये वाऱ्याला अडवण्यासाठी पॉपलरची प्रचंड लागवड झाली होती, त्या झाडांवर तो फोफावला आणि त्याच लाकडाच्या पेट्यांतून पुढे गेला असावा, असं मानलं जातं. 1998 मध्ये तो शिकागोतही सापडला. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेने चीनमधून येणाऱ्या लाकडी पेट्यांवर प्रक्रियेची सक्ती केली. पुढच्याच वर्षी पोर्तुगालमध्ये पाइन वृक्ष सुकवणारा सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा सूक्ष्म जंत, आढळला. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ हिरवा 'ॲश बोरर' हा ॲशची झाडं पोखरणारा भुंगा सापडला. त्याने उत्तर अमेरिकेतले कोट्यवधी ॲश वृक्ष मारले.

प्रत्येक देशाने वेगळा नियम केला असता तर व्यापारच अडला असता. म्हणून 1951 च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली मार्च 2002 मध्ये 'आयएसपीएम 15' हे समान मानक स्वीकारलं गेलं. लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं राखायचं, ही 'एचटी', म्हणजे उष्णतेची प्रक्रिया. तापमान गाभ्यातच मोजायचं, कारण अळी खोल असते. भट्टीची हवा गरम होऊन भागत नाही. 2009 च्या सुधारणेत साल काढणंही बंधनकारक झालं, कारण सालीखाली कीड पुन्हा घर करू शकते. 6 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड आणि प्लायवूड मात्र या नियमातून सुटतात. प्लायवूड बनतानाच गोंद, उष्णता आणि दाब सोसून आलेलं असतं.

'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ही खूण मला नेहमी खटकते. हा वायू ओझोनचा थर विरवतो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर थांबवायचा ठरला. पण किडींच्या बंदोबस्तासाठी निर्यातीआधी दिली जाणारी धुरी त्यातून वगळली. एक जंगल वाचवायला आकाशातलं छत झिजवायचं, हा सौदा चांगला नाही. युरोपीय संघाने 2010 मध्ये हा वायू बंद केला, आणि नव्या पद्धती मानकात येत गेल्या. 2013 मध्ये विद्युतलहरींनी लाकूड आतून तापवण्याची पद्धत मान्य झाली.

शिक्क्याचे नियमही बारीक आहेत. तो हाताने काढलेला चालत नाही. लाल आणि नारिंगी रंग टाळायचे, कारण ते धोकादायक मालाच्या लेबलांसाठी राखलेले. आणि पॅलेटच्या साधारण एक तृतीयांशाहून जास्त फळ्या बदलल्या, तर जुने शिक्के पुसून पुन्हा प्रक्रिया आणि नवा शिक्का.