राष्ट्रपती निवडणुकीतील समसमान मते

भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शेवटी उरलेल्या दोन उमेदवारांच्या मतांचे मूल्य तंतोतंत सारखे भरणे. आजवर असे एकदाही झालेले नाही, आणि मतमूल्यांचा हिशोब पाहिला तर ते सहजासहजी होणारही नाही.

राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार, आणि इथे प्रत्येकाचे मत सारख्या वजनाचे नसते. इंदूरचेच पाहा. जिल्ह्यातले नऊ आमदार भोपाळला जाऊन मतदान करतात. मध्य प्रदेशची १९७१ची लोकसंख्या ३,००,१६,६२५; तिला २३० आमदारांनी आणि मग हजाराने भागले की साडेएकशेतीसच्या किंचित वर आकडा येतो, म्हणून आमदाराचे मत १३१चे. गुजरातेत ते १४७, महाराष्ट्रात १७५, उत्तर प्रदेशात २०८. २०२२मध्ये खासदाराचे मत ७००चे होते. म्हणजे इंदूरच्या नऊही आमदारांची बेरीज १,१७९. दोन खासदारांपुढे ती कमीच पडते.

२०२२मध्ये सर्व मतांचे एकूण मूल्य १०,८६,४३१ होते. ही संख्या विषम. सगळ्यांनी वैध मत दिले असते तर दोघांत सारखी वाटणी होणेच शक्य नव्हते. मात्र इंदूरचा एखादा आमदार त्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळला असता, तरी १३१ वजा होऊन बेरीज सम झाली असती. गैरहजेरी आणि बाद मतपत्रिका यांमुळेच ही शक्यता कागदावर का होईना, उरते.

विजयासाठी वैध मतमूल्याच्या निम्म्याहून एक जास्त, एवढा कोटा लागतो. बरोबरी झाली तर तो कोणालाच गाठता येत नाही. पुढे काय करायचे, यावर संविधानाचे ५४ व ५५ हे अनुच्छेद गप्प आहेत आणि राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणुकीचा १९५२चा कायदाही. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो; बाद झालेल्याची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. त्याच कायद्याखालच्या १९७४च्या नियमांत उमेदवार बाद करण्याची रीत दिली आहे: सर्वांत कमी मतांवर दोघे सारखे असतील तर पहिल्या पसंतीची मते कमी असलेला जातो, तीही सारखी असतील तर चिठ्ठी टाकायची. शेवटच्या दोघांसाठीही हीच वाट उरते. देशाचा राष्ट्रपती चिठ्ठीवर ठरावा हे विचित्र वाटते खरे. पण लोकसभा आणि विधानसभेसाठी १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६५वे कलम हेच उघडपणे सांगते. अमेरिकेत अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांच्या मतांत २६९-२६९ अशी बरोबरी झाल्यास निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते.

भारतात चुरस खऱ्या अर्थाने रंगली ती १९६९मध्ये. पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. कोटा ४,१८,१६९चा होता. बाकीच्या उमेदवारांपाठोपाठ देशमुखही बाद झाल्यावर पुढच्या पसंतीचा मोठा वाटा रेड्डींकडे गेला; तरी गिरी ४,२०,०७७वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७वर थांबले. दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागलेली ही आजवरची एकमेव राष्ट्रपती निवडणूक.