खुलासा : रोमा म्हणजे भटकेच?

‘रोमा म्हणजे जिप्सी. आज इथे, उद्या तिथे. त्यांची कसली आलीय संस्था?’ हे आपल्याकडेही अगदी ठासून सांगितलं जातं. साफ चूक आहे.

रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेला समाज. त्यातले बहुतेक कित्येक पिढ्या एका जागी राहतात. जे फिरत होते, त्यांनाही चेकोस्लोव्हाकियात १९५८च्या कायद्याने आणि पोलंडमध्ये १९६४पासून सरकारी बडग्याने थांबवलं. १९९१मध्ये पोलंडच्या म्वावा गावात जमाव रोमांवर तुटून पडला तेव्हा मोडतोड झाली ती घरांची. तंबूंची नव्हे. असल्या छळामुळे काही कुटुंबं लंडनला गेली, तीही भटकायची हौस म्हणून नाही, आसरा मागायला.

त्या निर्वासितांच्या गरजेतून १९९८मध्ये पूर्व लंडनमध्ये ‘रोमा सपोर्ट ग्रुप’ उभा राहिला. पुढाकार रोमांचाच. काम अगदी घरगुती : घर, भत्ते, दवाखाना, मुलांची शाळा, म्हणजे परक्या भाषेतल्या अर्जापाशी अडलेल्याला हात देणं. २००४नंतर युरोपीय संघ पूर्वेकडे वाढला, तशी स्लोव्हाकिया, रोमानियातूनही माणसं येत गेली आणि कामाचा पसारा वाढला.