जड चिप म्हणजे कॅसिनोची चिप?

पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या धर्मादाय लीगसाठी चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या गोल चकत्या, घ्यायची वेळ आली की कुणीतरी ठासून सांगतो, ‘जड घ्या, कॅसिनोत तशाच असतात.’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

कॅसिनोतली चिप साधारण ८ ते १० ग्रॅमची असते. बाजारात ‘क्ले कंपोझिट’ (मातीचं मिश्रण) म्हणून मिळणारी ११.५ किंवा १३.५ ग्रॅमची चिप बहुधा प्लास्टिकचीच असते. वजन येतं ते पोटात दडवलेल्या लोखंडी चकतीमुळे. म्हणजे आपण ‘दर्जा’ समजून लोखंड विकत घेतो! आणि शेकडो चिप्सची पेटी दर वेळी उचलणाऱ्या स्वयंसेवकाचे हाल वेगळेच.

वजनापेक्षा रंग बघा. मंद उजेडात निळा आणि जांभळा सारखाच दिसतो, मग हिशेबाचे वाद होतात. चिपवर आकडा हवाच, पण चलनाचं चिन्ह नको. स्पर्धेत चिप म्हणजे फक्त गुण, आणि तेच आकडे पुढच्या वर्षीही चालतात. संस्थेचं बोधचिन्ह छापायचं असेल तर सिरॅमिक चिप उत्तम. तिच्यावर कडेपर्यंत छपाई होते, स्टिकर सुटण्याची भानगड नाही. दहा जणांच्या टेबलाला ३०० ते ५०० चिप्स पुरतात.