डॉक्टर आणि सिस्टर यांच्या मधली माणसं

आत्याच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा पुण्यातल्या एका रुग्णालयात आम्ही नऊ दिवस काढले. आत्याकडे सगळ्यांसाठी मिळून दोनच शब्द होते. पुरुष आला की ‘डॉक्टर’ आणि बाई आली की ‘सिस्टर’. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या कोटातली एक मुलगी वॉकर घेऊन पलंगाशी आली. ‘‘आजी, आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. घाई नाही.’’ आत्या चार पावलं चालली, घामाघूम झाली आणि म्हणाली, ‘‘बास आता, सिस्टर.’’ मुलगी म्हणाली, ‘‘आजी, मी सिस्टर नाही, फिजिओ.’’ ‘‘म्हणजे डॉक्टर का गं?’’ यावर ती क्षणभर घुटमळली.

तिचं घुटमळणं बरोबरच होतं. फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘लावू नये’ असं पत्र काढलं आणि लगेच ते मागेही घेतलं. त्याच महिन्यात महाराष्ट्रात दुसराच वाद पेटला होता. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे ॲलोपॅथीच्या नोंदवहीत, नोंद करण्याविरुद्ध ॲलोपॅथीचे डॉक्टर संपावर गेले. दोन्ही वादांत प्रश्न एकच आहे. आजाऱ्याला हात कोणी लावायचा, कोणत्या शिक्षणावर, आणि त्याला काय म्हणायचं? हा प्रश्न आजचा नाही. त्याची मुळं शोधायला पुण्याबाहेर फारसं जावंही लागत नाही.

मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून स्टेशनजवळचं ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. त्याच्याच आधाराने १८७८ मध्ये बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकीय शाळा निघाली. आपण जिला नुसतं ‘बी. जे.’ म्हणतो तीच ही. पण तेव्हा ते कॉलेज नव्हतं आणि तिथून आजच्या अर्थाचे डॉक्टर बाहेर पडत नव्हते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या जोडीला देशी भाषांचेही वर्ग चालत आणि त्यांतून हॉस्पिटल असिस्टंट तयार होत. पुण्याच्या शाळेकडे तेच काम आलं.

त्या काळची उतरंड समजून घ्यायला हवी, कारण तिची सावली अजून वॉर्डात पडलेली दिसते. वर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी, बहुतेक गोरे. त्यांच्याखाली असिस्टंट सर्जन. घोले रस्ता ज्यांच्या नावाचा, ते डॉ. विश्राम रामजी घोले या पायरीवरचे. सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते आणि जोतीराव फुल्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनीच उपचार केले. त्यांच्याही खाली हॉस्पिटल असिस्टंट, पुढे ज्यांना सब-असिस्टंट सर्जन म्हणू लागले. पगार कमी, मान त्याहून कमी, पण तालुक्याच्या दवाखान्यात तोच एकटा. जखम शिवणारा तो, साथीची नोंद ठेवणारा तो आणि प्रेताची तपासणी करणाराही तोच. पुढे बी. जे.तून एल.सी.पी.एस. झालेले लोक बाहेर पडू लागले. त्यांना पदवी नव्हती, परवाना होता. जुन्या पेठांतल्या कित्येक घरांचे फॅमिली डॉक्टर हेच होते. खेड्यापाड्यांत डॉक्टर पोचला तो मुख्यतः या लोकांच्या रूपाने, असं माझं ठाम मत आहे.

नर्सची गोष्ट वेगळी आहे आणि तिला मी जास्त जागा देणार आहे.

आजाऱ्याची शुश्रूषा हे आपल्याकडे घरातल्या बाईचं काम. बाळंतपण सुईणीचं. परक्या माणसाचं अंग पुसायचं, कोणत्याही जातीच्या माणसाची बेडपॅन काढायची, रात्रपाळीला घराबाहेर राहायचं, हे ‘चांगल्या घरच्या’ बाईने करण्याचं काम नाही, असा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पक्का समज होता. म्हणून रुग्णालयांतली ही जागा आधी युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रियांनी सांभाळली. ‘सिस्टर’ हा शब्दही शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींकडून आलेला. आपण तो इतका घरचा करून टाकला आहे की त्यामागचा झगा आता कुणाला दिसत नाही.

पुण्यात बाई डॉक्टर झाल्याची बातमी आली ती मात्र याच्याही आधी. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची नेमणूक हाती होती, पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या नावाने आपण भरून येतो, ते योग्यच आहे. पण एक बाई सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर होणं समाजाला पेलवलं आणि पन्नास बायकांनी ससूनमध्ये नर्स होणं पेलवेना, हेही त्याच पुण्यात घडलं.

मग १८९६-९७ चा प्लेग आला. गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून केलेल्या तपासण्या आणि २२ जून १८९७ चा रँडवरचा हल्ला आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरच्या बाजूला माळावर त्याने प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. मुलगा तपासणारा, आई उचलून आणणारी. रुग्णसेवेतल्या दोन कामांचं याहून जवळचं चित्र मला ठाऊक नाही. पैकी एकालाच तेव्हा शिक्षण आणि पद होतं.

दुसऱ्या कामाला शिक्षण मिळवून दिलं ते रमाबाई रानड्यांनी. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या मुली, त्यांत कितीतरी विधवा, नर्सिंग शिकायला ससूनमध्ये जाऊ लागल्या. त्यांच्यासाठी राहण्याची सोय सेवासदनाने केली. रमाबाईंसारख्या बाईने पाठीशी उभं राहणं हाच घरच्यांसाठी भरवशाचा दाखला होता. आज सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, पाठ्यनिर्देशिका अशी पदांची सरळ शिडी आहे. नर्सिंगचं शिक्षणही तीन प्रकारचं: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. आपण मात्र सगळ्यांना एकाच हाकेने बोलावतो आणि वॉर्डची इन्चार्ज परिसेविका कोण हे नऊ दिवसांत विचारतही नाही. मीही विचारलं नव्हतं.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र इथे सांगायलाच हवी. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना ससूनमध्ये आणलं होतं, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक करत होते. वादळात वीज गेली. नर्सच्या हातातली बॅटरीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी झाली. मॅडॉक यांचं नाव इतिहासात राहिलं. उजेड धरणाऱ्या त्या नर्सचं नाव मी तरी कुठे वाचलेलं नाही.

याच सुमारास वैद्यांचाही प्रश्न ऐरणीवर होता. गुरूच्या घरी राहून शिकलेल्या वैद्याला सरकारदरबारी किंमत नव्हती. त्यावर राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीने दिलेलं उत्तर म्हणजे रास्ता पेठेतलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय, स्थापना १९३३. मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदवही सुरू केली. आता वर्गात नाडीपरीक्षाही होती आणि शरीरशास्त्रही. ‘शुद्ध’ शिकवायचं की ‘मिश्र’, यावर पुण्यातल्या वैद्यांत पुढे वर्षानुवर्षं वाद झडले. बी.ए.एम.एस. झालेला डॉक्टर ॲलोपॅथीची गोळी लिहितो तेव्हा त्यामागे हा सगळा ‘मिश्र’ इतिहास असतो. राज्याच्या अधिसूचनांनी आणि कायद्यातल्या दुरुस्त्यांनी त्याला मान्यता नंतर मिळाली.

आणि मग १९४६. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. भोर स्वतः डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. समितीने जमवलेले आकडे आजही वाचवत नाहीत. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० मागे एक नर्स, ६०,००० मागे एक प्रशिक्षित सुईण, तीन लाखांमागे एक दंतवैद्य. आणि पात्रताधारक औषधनिर्माते साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून ७५ च्या आसपास. डॉक्टरांतही बहुसंख्य परवानेवाले, म्हणजे आपले एल.सी.पी.एस.सारखे. समितीने ठरवलं की यापुढे देशात डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, पूर्ण शिकलेला, एम.बी.बी.एस. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यायचा, हा त्यामागचा विचार उदात्त होता. काही सदस्यांनी मात्र भिन्न मत नोंदवलं. इतकी मोठी उणीव असताना परवानेवाल्यांची शिक्षणं बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं. ते मान्य झालं नाही. त्याच वर्षी बी. जे.ची शाळा कॉलेज झाली. दोन वर्षांनी, १ मे १९४८ ला, वानवडीच्या लष्करी भागात एएफएमसी हे सैन्यदलांचं वैद्यकीय कॉलेज उभं राहिलं.

पदवीचा डॉक्टर शहरात थांबला. मला हे दोष देऊन म्हणायचं नाही. साडेपाच वर्षं शिकलेला तरुण वीज नसलेल्या, क्वार्टर नसलेल्या गावी का जाईल? पण रिकामी राहिलेली जागा रिकामी राहत नसते. तिथे बी.ए.एम.एस. गेले, होमिओपॅथ गेले, आणि काहीच न शिकलेलेही गेले. सीसीएमपीचा आजचा वाद ऐकताना मला सारखा तो १९४६ चा अहवाल आठवतो.

कंपाउंडरची गोष्टही त्याच काळातली. काऊंटरच्या खिडकीतून लाल औषधाची बाटली द्यायची, तिच्यावर कागदाच्या कात्रणाने डोसाच्या खुणा चिकटवायच्या, हे त्याचं काम डॉक्टरच्या हाताखाली पाहून शिकायचं होतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याने त्याला शिक्षण आणि नोंदणी लावली. डी.फार्म. दोन वर्षांचं झालं. कंपाउंडर मात्र नावापुरता टिकला. अजून कुठल्या दवाखान्यात जुने कंपाउंडरकाका भेटतात, तेवढेच.

आत्याला चालवणाऱ्या मुलीचा व्यवसाय युद्ध आणि पोलिओ या दोन संकटांतून वाढला. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. तिथे पाय बनवणारा कारागीर आणि त्या पायावर चालायला शिकवणारा शिक्षक, अशी दोन नवी माणसं रुग्णालयात शिरली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या शाळा निघाल्या. आज महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी चार वर्षांहून मोठी आहे. पण या लोकांसाठी, लॅबच्या आणि एक्स-रेच्या तंत्रज्ञांसाठी देशपातळीवरचा कायदा यायला २०२१ उजाडावं लागलं. तोवर प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्याची पात्रता काय, हे राज्याराज्यात वेगळं होतं. आपल्या औषधाची मात्रा ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा काढणाऱ्याची ही गत!

गावाकडचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला काम सुरू केलं. गावातल्याच माणसांना निवडून आरोग्यसेवेचं शिक्षण द्यायचं, हा त्यातला गाभा. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘आशा’ २००५ मध्ये आली. गावचीच बाई, हजार लोकवस्तीमागे एक, सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं, पगार नाही, कामावर मोबदला. कोविडमध्ये दारोदार जाऊन ऑक्सिजन पाहणाऱ्या याच होत्या. तेव्हा आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मानधनासाठी त्या रस्त्यावर बसल्या तेव्हा मान वळवली.

आणि २०१८ पासून गावांतल्या आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. बी.एस्सी. नर्सिंग किंवा बी.ए.एम.एस., वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातही अशा लोकांना मर्यादित परवाना देण्याचं कलम आहे. १९४६ मध्ये दारातून बाहेर काढलेला परवानेवाला ७३ वर्षांनी खिडकीतून परत आला.

घरी आल्यावर महिन्याभराने आत्याला गावी सोडायला मी शिरूरकडे गेलो. तिथल्या उपकेंद्रावर अशीच एक तरुण अधिकारी होती. तिने रक्तदाब घेतला, साखर पाहिली, नोंद टॅबवर केली आणि जिन्यावरून उतरताना कुठला पाय आधी टाकता, असं विचारलं. ‘‘दुखरा,’’ आत्या म्हणाली, ‘‘चढताना चांगला.’’ मग वॉकर उचलत तिने विचारलं, ‘‘तुला काय म्हणू गं? डॉक्टर की सिस्टर?’’

ती म्हणाली, ‘‘नावाने हाक मारा आजी,’’ आणि नाव सांगितलं.