सॉफ्टवेअर घटकांची घाऊक नोंदणी

संस्थेच्या कोड रेपोंमध्ये (रेपो म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा कोड ठेवायची जागा) विखुरलेले सॉफ्टवेअर घटक एकेक न भरता एकाच मोहिमेत डेव्हलपर कॅटलॉगमध्ये आणण्याची पद्धत. घटक म्हणजे स्वतंत्र चालणारी सेवा, संकेतस्थळ किंवा इतरांनी वापरायची लायब्ररी. कॅटलॉगमध्ये प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार, सद्यःस्थिती आणि मालक टीम लिहिलेली असते. रात्री दोनला पेमेंट सेवा बंद पडली तर कोणाला उठवायचे, हे तिथे पाहून कळते.

या क्षेत्रातले सर्वांत परिचित साधन म्हणजे बॅकस्टेज. स्पॉटिफायने ते आधी स्वतःपुरते बनवले आणि मार्च २०२० मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले केले. त्याच वर्षी मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशनने ते आपल्याकडे घेतले. बॅकस्टेजच्या रिवाजानुसार रेपोच्या मुळाशी ‘कॅटलॉग-इन्फो’ नावाची छोटी यामल फाइल ठेवतात; यामल म्हणजे माहिती साध्या ओळींत लिहायची पद्धत. घटकाच्या नावाखेरीज काइंडपुढे (नोंदीचा वर्ग) कंपोनंट, टाइपपुढे (प्रकार) सर्व्हिस, लाइफसायकलपुढे (सद्यःस्थिती) प्रॉडक्शन आणि ओनरपुढे (मालक) टीमचे नाव, अशा थोड्या ओळींवर नोंद उभी राहते. नाव ६३ अक्षरांच्या आत बसवावे लागते, त्यात मोकळी जागा चालत नाही. यामलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब वापरला तर ती फाइल वाचलीच जात नाही. हाताने फाइली लिहिणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी इथेच असते.

दहा-बारा रेपो असतील तर प्रत्येकाची लिंक कॅटलॉगच्या पोर्टलमध्ये चिकटवणे जमते. त्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली स्वयंशोधाची: कॅटलॉग ठरावीक वेळाने गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळांवरचे संस्थेचे सगळे रेपो चाळतो आणि जिथे ही फाइल सापडेल तिथली नोंद उचलतो. फाइल नसलेला रेपो मात्र त्याला दिसत नाही, आणि जुन्या संस्थांत बहुतेक रेपो तसेच असतात. दुसरी वाट पुल रिक्वेस्टची, म्हणजे रेपोत बदल करण्याच्या प्रस्तावाची. बॅकस्टेजवर बेतलेल्या रेड हॅट डेव्हलपर हबमधील घाऊक आयातीत यादीतून हवे ते रेपो निवडले की ज्यांत फाइल नाही, त्या प्रत्येकात तयार मसुद्याची पुल रिक्वेस्ट उघडते. ती मर्ज झाली, म्हणजे टीमने मान्य करून रेपोत सामावून घेतली, की घटक कॅटलॉगमध्ये येतो. दुसरी वाट संथ आहे, पण तीच चांगली. मर्जचे बटण दाबण्यापूर्वी त्या टीममधल्या कोणीतरी मालकाचे नाव वाचलेले असते.

मालकाच्या या रकान्याचे मोल गोव्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इथे जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे ते दाखवणारा सरकारी कागद, घराघरात ठाऊक आहे. गोव्याच्या १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार हक्कनोंदीतली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणून कब्जेदाराच्या रकान्यात चुकीचे नाव पडले की ते निस्तरायला वर्षे जातात. कॅटलॉगला कायद्याचे पाठबळ नाही, पण एकदा नोंद दिसली की लोक ती खरीच धरतात. घाऊक आयातीत तीनशे घटकांपुढे सरसकट ‘प्लॅटफॉर्म टीम’ असे नाव घातले, तर पोर्टल भरलेले दिसते आणि उपयोग शून्य होतो.

समजा, गोव्यातल्या पर्वरीच्या एका कंपनीकडे हॉटेल आरक्षण, टॅक्सी आणि बिलिंग यांचे मिळून दोनशे रेपो आहेत. पर्यटन हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळ्यातच हे काम उरकणे तिच्या सोयीचे. पहिले पाऊल रेपोंचे नसून टीमच्या यादीचे असते. ओनरपुढे लिहिलेला गट कॅटलॉगमध्ये नसेल तरी घटक आत येतो, फक्त पानावर संबंध सापडत नसल्याची सूचना झळकत राहते. ओनर म्हणून व्यक्तीचे नाव तर शक्यतो घालूच नये. माणूस नोकरी बदलून पुण्याला किंवा बंगळूरला गेला की नोंद निराधार होते. टीम मागे राहते. त्यानंतर फोर्क केलेले (दुसऱ्या रेपोची प्रत असलेले), बंद पडलेले आणि प्रशिक्षणार्थींनी सरावासाठी उघडलेले रेपो वगळावेत. उरलेल्यांपैकी आरक्षणाचे पंधरा-वीस आधी आणावेत, मसुद्यातल्या चुका तिथेच उघड होतात आणि पुढच्या खेपेला त्या टाळता येतात.

तांत्रिक अडचणी ठरलेल्या आहेत. गिटहबवर वैयक्तिक टोकनला (प्रोग्रामने वापरायची प्रवेशकिल्ली) तासाला ५,००० विनंत्यांची मर्यादा असते. एकाच टोकनवर मोठी आयात आणि रोजची कामे चालवली तर ती संपते आणि नोंदी अर्धवट राहतात. दोन रेपोंनी एकच नाव सांगितले तर आधी आलेली नोंद टिकते, दुसरी अडते. फाइलची प्रत करताना नाव बदलायचे राहून गेले की हमखास असे होते.

चुकून आलेला घटक काढताना फक्त त्याची नोंद पुसून भागत नाही. मूळ फाइल जागेवर असेपर्यंत पुढच्या फेरीत तो परत येतो, म्हणून जिथून तो आला ते लोकेशनच, म्हणजे फाइलचा कॅटलॉगमध्ये नोंदवलेला पत्ताच, रद्द करावे लागते. स्वयंशोधाने आलेला असेल, तर रेपोतली फाइल काढावी किंवा शोधाच्या गाळणीतून तो रेपो वगळावा.