सामाजिक उद्योगातील कार्यप्रशिक्षण (अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांचे)

सामाजिक उद्दिष्टासाठी उभारलेल्या, पण खऱ्या गिऱ्हाइकांना माल किंवा सेवा विकून चालणाऱ्या उद्योगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम करता करता दिले जाणारे व्यवसायशिक्षण. कॅफे, रोपवाटिका, बेकरी, धुलाईकेंद्र, छपाई, जुन्या वस्तूंची दुरुस्ती ही त्याची नेहमीची क्षेत्रे. विद्यार्थी आठवड्यातले काही दिवस वर्गात आणि काही दिवस कामावर असतो.

अध्ययन-अक्षमतेच्या ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ या इंग्रजी संज्ञेने बराच घोळ होतो. ब्रिटनमध्ये तिचा अर्थ बौद्धिक अक्षमता असा आहे. भारतात आणि अमेरिकेत ती बहुधा वाचन, लेखन किंवा गणित यांतल्या विशिष्ट अडचणीसाठी वापरतात आणि अशा विद्यार्थ्याची बुद्धी सर्वसाधारण असते. प्रशिक्षण आखताना हा फरक पहिल्यांदा पाहावा लागतो. वाचनाची अडचण असलेल्याला ऑर्डरची चिठ्ठी तोंडी किंवा चित्रांत मिळाली की त्याचे काम पुष्कळदा सुरळीत होते. बौद्धिक अक्षमता असलेल्याच्या बाबतीत मात्र कामाचीच मांडणी नव्याने करावी लागते. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या गटाबद्दल आहे.

वर्गात शिकलेले कामावर आपोआप येत नाही, हे या पद्धतीमागचे मूळ कारण. खोट्या नोटांनी सुट्टे द्यायला शिकलेला मुलगा समोर घाईत असलेले गिऱ्हाईक उभे राहिले की गोंधळतो. कारण त्याला हिशेबाबरोबर आवाज, गर्दी आणि समोरच्याचा चेहराही सांभाळायचा असतो. म्हणून जिथे काम करायचे तिथेच शिकायचे. गिऱ्हाईक खरे असले की चुकीचा परिणामही खरा असतो, आणि ‘छान झाले’ या शब्दांना वजन येते.

शिकवण्याची रीत कार्यविश्लेषणाची आहे. काम बारीक टप्प्यांत तोडायचे, प्रत्येक टप्पा करून दाखवायचा आणि मदत हळूहळू काढून घ्यायची. अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ मार्क गोल्ड यांनी १९७० च्या दशकात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींकडून सायकलच्या ब्रेकची जुळणी करून घेतली. ‘यांना हे जमणारच नाही’ या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

साबणाच्या सहा वड्यांचा खोका भरायचा आहे आणि विद्यार्थिनीला सहापर्यंत मोजता येत नाही, असे समजा. तिला आधी मोजणी शिकवत बसले तर वर्ष तिथेच जाईल. त्याऐवजी सहा खाचांचा लाकडी ट्रे द्यायचा: प्रत्येक खाचेत एक वडी, खाच रिकामी राहिली नाही की झाकण. सुरुवातीला प्रशिक्षक, म्हणजे जॉब कोच, हाताला हात लावून दाखवतो; मग शब्दांनी सांगतो, मग नुसते बोट दाखवतो, शेवटी दोन पावले मागे सरकून गप्प उभा राहतो. कोणत्या टप्प्यावर किती मदत लागली याची रोज नोंद होते. यातले सर्वांत अवघड काम जॉब कोचचे असते: विद्यार्थिनीचा हात घुटमळत असताना आपला हात पुढे न करणे. पालकांनाही हेच जड जाते, कारण वर्षानुवर्षे प्रेमापोटी त्यांनी तो हात पुढे केलेला असतो.

कामाइतकेच कामाभोवतीचे शिकावे लागते. वेळेवर येणे, बस चुकली तर कळवणे, सुट्टी मागणे, चूक दाखवल्यावर रडू न येऊ देणे. नोकरी बहुधा हात चालत नाही म्हणून जात नाही, या गोष्टींवरून जाते.

सामाजिक उद्योगांना काही देशांत कायद्याची चौकट आहे. इटलीच्या १९९१ च्या कायद्यानुसार रोजगारासाठी स्थापन झालेल्या सामाजिक सहकारी संस्थांत किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतले असावे लागतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ हा प्रकार आहे. तिची मालमत्ता समाजहितासाठी राखीव राहते.

या पद्धतीवरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो रास्तही आहे. जुन्या संरक्षित कार्यशाळांत अपंगांना इतरांपासून वेगळे बसवून नाममात्र मोबदल्यात वर्षानुवर्षे राबवले गेले. अमेरिकेत तर १९३८ च्या श्रमकायद्यानेच त्यांना किमान वेतनापेक्षा कमी देण्याची मुभा दिली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचे कलम २७ अपंगांना इतरांच्या बरोबरीने खुल्या, सर्वसमावेशक रोजगाराचा हक्क देते. सामाजिक उद्योगही नकळत त्याच जुन्या वाटेवर जाऊ शकतो. सर्वांत तयार झालेला विद्यार्थीच दुकान चालवतो, मग त्याला बाहेर सोडणे उद्योगाला परवडत नाही. ‘अजून थोडा तयार होऊ दे’ म्हणत त्याचे बिनपगारी प्रशिक्षण लांबत जाते. म्हणून मुदत आधीच ठरलेली असावी आणि किती जण पगारी नोकरीत गेले व टिकले, यावरच उद्योगाचे यश मोजावे.

‘आधी नेमा, मग शिकवा’ हा विचार याच आक्षेपातून पुढे आला. १९९६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’मध्ये विद्यार्थी वर्षभर नेहमीच्या कामाच्या ठिकाणीच वेगवेगळ्या विभागांत शिकतात. इंग्लंडमधील ‘सपोर्टेड इंटर्नशिप’ १६ ते २४ वयोगटासाठी असून तिचा बहुतेक वेळ मालकाकडेच जातो. सामाजिक उद्योगातील अनुभव हा अशा टप्प्याआधीची पायरी म्हणून उपयोगी पडतो, विशेषतः ज्याने कधीच काम पाहिलेले नाही त्याला.

नोकरी लागल्यावरही जॉब कोचच्या फेऱ्या थांबवता येत नाहीत. सगळे ठीक चाललेले असते, आणि एके दिवशी मुकादम बदलतो किंवा जुन्या यंत्राच्या जागी नवे येते, ज्याचे बटण उजवीऐवजी डावीकडे असते.