कॅमेऱ्याची बॅग चालताना जड का होते?

'हा पट्टा लावा, कॅमेऱ्याचं वजन निम्मं होईल!' कॅमेऱ्याच्या बॅगांच्या जाहिरातींत असली वाक्यं सर्रास दिसतात. शाळेत शिकलेलं आठवा. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण. पट्टा कातड्याचा असो की कुठल्याशा 'झीरो ग्रॅव्हिटी' रबराचा, या दोन्हींपैकी एकालाही तो हात लावू शकत नाही. तरीही गंमत अशी, की दुकानात तो खांद्यावर टाकून बघणाऱ्याला खरोखरच हलकं वाटतं. तोच माणूस शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत फोटो काढत गेला, की मान चोळायला लागतो. दोन्ही अनुभव खरे आहेत.

आधी हिशेब करू. निकॉनची झेड ६ टू ही कॅमेरा-बॉडी बॅटरी आणि कार्डासकट ७०५ ग्रॅम. तिला लावलेली २४-७० एफ २.८ लेन्स ८०५ ग्रॅम. जोडीला ५० एमएमची एक लेन्स, ४१५ ग्रॅम. हे झाले जवळजवळ दोन किलो. त्यात लिटरभर पाणी, छत्री, पॉवर बँक आणि बॅगेचं स्वतःचं वजन मिळवलं की चार किलो सहज होतात. एवढी भाजी आपण मंडईतून कुरकुर न करता आणतो. पण ती घरी पोचल्यावर खाली ठेवतो. कॅमेऱ्याची बॅग मात्र दिवसभर अंगावरच असते.

पट्टा खांद्यावर रुततो तो दाबामुळे. तिरप्या घातलेल्या बॅगेचा पट्टा खांद्यावरून वळून पुढे-मागे खाली जातो, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण दोन किलोचा ताण येतो. या ताणाला पट्ट्याची रुंदी आणि खांद्याच्या गोलाईची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागलं की दाब मिळतो. त्रिज्या पाच सेंटिमीटर धरली, तर अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्याखाली हा दाब भरतो पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर, म्हणजे रक्तदाबातल्या वरच्या आकड्याइतका. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला दाब असतो जेमतेम तिशीच्या घरात. त्यामुळे पट्ट्याखालचं रक्त बाजूला सारलं जातं आणि पट्टा काढल्यावर ते परत धावून येतं. खांद्यावर उमटणारी लाल रेघ ती हीच. पट्टा पाच सेंटिमीटर रुंद घेतला की दाब साठावर येतो, आणि दोन पट्ट्यांच्या पाठपिशवीत तिशीवर. डोक्यावर हंडा घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात, त्यामागेही हेच गणित आहे. पट्ट्याचा फोम दोन बोटांत धरून दाबा. बोटं एकमेकांना भेटली, तर तो फोम फक्त बघायला आहे.

एकाच खांद्याला लटकवलेली बॅग कण्यापासून वीसेक सेंटिमीटर लांब असते. तोल सावरणारे पलीकडच्या बाजूचे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमाने चार किलोला उत्तर द्यायला त्यांना सोळा किलोचा ओढा लावावा लागतो, आणि मणक्यांवर दोन्हींची बेरीज म्हणजे वीस किलो पडतात. आपण नकळत दुसरीकडे झुकून हा आकडा थोडा कमी करतो, पण मग दिवसभर तिरकं चालणं आलं. शिवाय उतरत्या खांद्यावरून पट्टा घसरू नये म्हणून तो खांदा कायम उचलून धरावा लागतो. मान दुखते ती बहुतेक त्यामुळे. पट्टा डोक्यावरून तिरपा घेतला की निदान ही खांदा उचलण्याची शिक्षा तरी टळते.

इथवरचं सगळं उभ्या माणसाला लागू आहे. खरी मजा पहिलं पाऊल टाकल्यावर सुरू होते.

चालताना आपलं धड प्रत्येक पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं. सहज चालीत सेकंदाला सुमारे १.९ पावलं पडतात. या दोन आकड्यांवरून धडाचं जास्तीत जास्त त्वरण काढलं, तर ते गुरुत्व त्वरणाच्या साधारण ३० टक्के भरतं. म्हणजे अंगाला घट्ट बसलेली चार किलोची बॅग प्रत्येक पावलाला क्षणभर सव्वापाच किलोची होते आणि मग क्षणभर पावणेतीन किलोची. तासाभरात हे जवळजवळ सात हजार वेळा घडतं.

यावर सुचणारा उपाय म्हणजे ताणला जाणारा पट्टा. निओप्रीन नावाचं रबर असतं, पाणबुड्यांच्या पोशाखाचं. त्याचे पट्टे कॅमेऱ्यासाठी मिळतात. दुकानात उभं राहून तो खांद्यावर घेतला की खरंच सुखावह वाटतो, कारण रबर खांद्याच्या आकाराला मिळतं घेतं आणि दाब पसरतो. पण ताणला जाणारा पट्टा म्हणजे स्प्रिंग, आणि स्प्रिंगला टांगलेल्या वस्तूला स्वतःचा ठेका असतो. दर सेकंदाला ती ठरावीक वेळाच वर-खाली होते. बाहेरून बसणारे हिसके त्या ठेक्याच्या जवळ आले की हालचाल वाढत जाते. हेच अनुनाद.

आता माझ्या फार आवडीचा भाग. हा ठेका काढायला वस्तूचं वजन माहीत असावं लागत नाही, पट्ट्याच्या रबराचा गुणांकही नको. वजन टांगल्यावर पट्टा किती लांबला एवढं पुरतं! जड वस्तू संथ डोलते, पण ती स्प्रिंगला जास्त ताणतेही. त्यामुळे सूत्रातून वस्तुमान छेदलं जातं आणि हातात फक्त लांबी उरते. सूत्र असं: लांबलेले सेंटिमीटर घ्या, त्यांचं वर्गमूळ काढा, आणि पाचाला त्याने भागा. येईल ती सेकंदाला हेलकाव्यांची संख्या.

घरी करून बघा. भिंतीवरच्या खुंटीला रिकामी बॅग अडकवा आणि तिच्या बुडाशी पेन्सिलीने खूण करा. मग नेहमीचं सामान भरा, पुन्हा खूण करा आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर आलं, तर ठेका सेकंदाला पाच. तुमच्या १.९ पावलांपासून तो पुष्कळ दूर आहे. झटका सतराएक टक्के वाढेल, फार नाही. चार सेंटिमीटर आलं, तर ठेका अडीच, आणि झटका दुपटीहून जास्त. सात सेंटिमीटर आलं, तर पाच भागिले २.६५ म्हणजे १.९! बरोब्बर तुमच्या चालीचा ठेका. घर्षण मुळीच नसतं तर बॅग उड्या मारत सुटली असती. प्रत्यक्षात रबरात थोडी ऊर्जा उष्णता होऊन विरते आणि बॅग अंगाला घासतेही, म्हणून तसं होत नाही. पण कॅमेरा पोटावर थाडथाड आपटत चालणारा पर्यटक तुम्ही पाहिला असेलच.

मग रबर वाईटच का? तसंही नाही. ठेका पावलांपेक्षा पुरेसा संथ असेल, तर उलटा परिणाम होतो. अंग वर-खाली होतं आणि ओझं जवळपास जागच्या जागी तरंगत राहतं. ही सीमा गाठायला ठेका पावलांच्या गतीला दोनाच्या वर्गमुळाने भागून येतो त्याच्या खाली जावा लागतो, म्हणजे सुमारे १.३४. आपल्या सूत्रात घातलं की पट्टा चौदा सेंटिमीटर लांबायला हवा. सोळा सेंटिमीटर लांबला तरी झटका एक चतुर्थांशच कमी होतो. वीतभर लोंबणारी बॅग घेऊन लोकलमध्ये चढून दाखवा! अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लॉरेन्स रोम यांनी हे तत्त्व वीसेक किलो आणि त्याहून जड ओझ्यांच्या पाठपिशव्यांवर वापरलं. २००५ साली त्यांनी अशा सरकत्या ओझ्यापासून काही वॅट वीज काढून दाखवली, आणि २००६ मध्ये रबरी दोरांवर टांगलेल्या ओझ्याने शरीरावरचे झटके घटतात हे दाखवलं. पण त्याला वेगळी चौकट लागते, ओझं सरकायला जागा लागते. शिवलेल्या पट्ट्यात ते जमत नाही.

आपल्याकडे लवचिक बांबूची कावड खांद्यावर घेऊन पाणी वाहणारे दुडक्या चालीने जातात, ते याच सीमेच्या पलीकडे असतात. अमेरिकी संशोधक रॉजर क्रॅम यांनी १९९१ मध्ये लवचिक दांड्यांना ओझी टांगून माणसांना ट्रेडमिलवर पळवलं. श्रम कमी झाले नाहीत, पण खांद्यावरचे झटके कमी झाले. 'पूर्वजांना ऊर्जा वाचवण्याचं विज्ञान ठाऊक होतं' असं लिहून पाठवणाऱ्यांनी यातलं पहिलं अर्धं वाक्यही वाचावं.

आडव्या दिशेचं थोडक्यात. लांब पट्ट्याची तिरपी बॅग हा लंबक असतो. पट्टा अंगापासून सुटतो तिथून बॅगेच्या मध्यापर्यंत सत्तावीस सेंटिमीटर असतील, तर तिचा झोका सुमारे १.०५ सेकंदांचा, आणि आपली डावी-उजवी अशी दोन पावलं पडायलाही तेवढाच वेळ लागतो. पुन्हा अनुनाद! लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, तो चालणाऱ्यांच्या याच डाव्या-उजव्या रेट्यामुळे. बॅगेच्या बाबतीत उपाय स्वस्त आहे. पट्टा आखूड करून ती कमरेच्या वर, पाठीला टेकेल अशी घ्या. टेकलेला लंबक डोलत नाही. काही बॅगांना छातीवरून किंवा काखेखालून जाणारी एक बारीक जादा पट्टी असते. ती बहुतेक जण पहिल्याच दिवशी काढून टाकतात. टाकू नका.

तेव्हा घ्यायची कोणती? दिवसभर पायी फिरायचं आणि दोन-तीन लेन्स न्यायच्या असतील, तर दोन पट्ट्यांची, उथळ पाठपिशवी. उथळ यासाठी, की जड लेन्स पाठीपासून जितकी लांब तितका मागे ओढा जास्त. कॅमेरा सारखा काढायचा असेल, तर पाच सेंटिमीटर रुंद आणि न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याची छोटी तिरपी बॅग, आणि तीत एकच जादा लेन्स. लोकलमध्ये पाठपिशवी पोटावर घ्यावी लागते आणि फोटोची वेळ आली की ती उतरवण्यात ती वेळ निघून जाते, म्हणून मी स्वतः दुसऱ्या पंथातला. मोठी बॅग घेऊन ती अर्धी भरू नका. वेल्क्रोचे कप्पे सामानाला चिकटतील असे लावा, नाहीतर आतली लेन्स स्वतःचा वेगळा ठेका धरते. आणि बॅग घ्यायला जाल तेव्हा आपला कॅमेरा सोबत न्या, सामान भरून, आरशासमोर उभं न राहता, दुकानाच्या फुटपाथवर कोपऱ्यापर्यंत नेहमीच्या गतीने चालून या. दुकानदार का-कू करत असेल, तर निदान खुंटीची परीक्षा त्याच्या स्टँडवर उरकून घ्या. तिला दोन मिनिटं लागतात.